उजवा पाय

ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर गाडी सुरू करत होते, तोच दार ओढून तोंड बांधलेला एक तरुण त्यांच्यावर तुटून पडला. नाकावर बुक्की हाणून त्याने त्यांना शेजारच्या सीटवर ढकललं आणि त्यांच्या उजव्या मांडीत सुरा खुपसला. मग आरसा नीट केला, मान वळवून मागे पाहिलं आणि इंडिकेटर देऊन गाडी अलगद रस्त्यावर घेतली.

"कुणाकडे शिकलास रे?" मास्तर कण्हत म्हणाले.

"तुमच्याकडेच, सर. लायसन्स मिळालं, पण गाडी कुणी हातात दिली नाही."

"न्यायची तर ने गाडी. पाय कशाला भोसकलास, बाबा?"

"तुमच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे ना, सर. मी चुकलो की तुम्ही त्यानेच थांबवायचात."