आंदणातली चीज

"आणि अंतरा?" नाथाजी मास्तरांनी विचारलं. पेन्सिल कागदावर टेकलेलीच होती.

"आता चा घ्या," सुगराबी म्हणाली.

ती पेन्सिल मोडून अंगणात भिरकावून द्यावी, असं मास्तरांना वाटलं. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. साताऱ्याहून उंब्रजला येईतो मोटार धाप टाकायची आणि उतारूंनी खाली उतरून तिला ढकलायची. एवढे हाल सोसून मास्तर दर रविवारी या ओसरीवर येऊन बसत. म्हातारी सुगराबी चिजेच्या अस्ताईची पहिली ओळ गुणगुणे आणि तोंड मिटून घेई.

सांगली दरबारचे गवई उस्ताद नबीबक्ष खाँ यांनी गेल्या शतकात बांधलेल्या यच्चयावत चिजांची सूची करायचा मास्तरांनी ध्यास घेतला होता. मास्तरांचा कान तयार होता. गळा मात्र असा, की ते शाळेत प्रार्थना सांगू लागले की पोरं तोंडात रुमाल कोंबत. गाणं आपल्या नशिबात नाही, निदान लिहून तरी ठेवू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. खाँसाहेबांच्या म्हाताऱ्या शिष्यांना पानतंबाखू पुरवून, त्यांच्या शिव्या खाऊन, त्यांनी एक एक चीज सुरावटीसकट उतरवून घेतली. राहिली ती फक्त मारवा रागातली. "ती तेवढी त्यांच्या पोरीला ठाऊक," असं जो तो म्हणे. ती पोरगी म्हणजे ही सुगराबी. तिचेही आता दात पडले होते.

तिकडं वाईच्या छापखानेवाल्यानं कागदाच्या टंचाईत कसाबसा थोडा कागद राखून ठेवला होता. दिवाळीच्या आत मजकूर द्या, नाहीतर कागद पंचांगाला जाईल, असे निरोपावर निरोप तो धाडत होता.

"चाची, खरं सांगा. तुम्हाला पुढचं येत नाही का?" मास्तर चिडून म्हणाले.

"येतंय की. रोज तिन्हीसांजंला म्हनते. पर ती माज्या आंदणातली हाय."

"आंदणात भांडी येतात, चाची. चीज कशी येईल?"

"गवयाच्या घरात येती. आमचे मालक सारंगी वाजवायचे. अब्बांनी त्यास्नी भांडी न्हाई दिली, ही दिली. ज्याच्या घरात दिली त्यानं गायची. देनाऱ्यानं पुन्यांदा तोंडात घ्यायची न्हाई, अशी रीत. अब्बा शेवटच्या दुखन्यात हुते, तवा मला बोलवून घेतलं. 'सुगरा, तुजी चीज ऐकव,' म्हनले. सवता बांधलेली, पर सवता एक सूर काढला न्हाई त्यांनी."

दुसऱ्या कुणाला गहिवर आला असता. मास्तरांना छापखाना दिसत होता.

"पुस्तकाला नाव 'समग्र' दिलंय मी. एक वगळून समग्र कसं म्हणू?" त्यांचा आवाज चढला. "आणि तुमच्या मागं ही गाणार तरी कोण? वजीर?"

अंगणात तिचा लेक वजीर बादलीला बूड लावत बसला होता. त्याचा हातोडा थांबला. बोलून गेल्यावर मास्तरांनी जीभ चावली. वजीरला सूर कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, आणि ते साऱ्या उंब्रजला माहीत होतं. सुगराबीनं लेकाकडं पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "खरं हाय."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. आतून खोबऱ्याची वाटी आणली, पदरानं पुसली आणि मास्तरांच्या ओंजळीत ठेवली.

"घ्या मास्तर. तुमच्या घरात दिली."

मग डोळे मिटून तिनं ती चीज पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली. मास्तरांची पेन्सिल धावत होती. सम कुठं येते, मींड कुठून सुटते, काही निसटू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली ती घातलीच. तिच्या तोंडाकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. परतताना मोटार नेहमीप्रमाणं बंद पडली. मास्तरांना भूक लागली होती. त्यांनी ते खोबरं खाऊन टाकलं.

पुस्तक ऐन थंडीत निघालं. पहिली प्रत घेऊन मास्तर उंब्रजला आले. त्या दिवशी त्यांनी मोटारसुद्धा हौसेनं ढकलली. दारात वजीर भेटला.

"अम्मा लय गप झालीया," तो म्हणाला. "तुमी लिवून नेलंसा त्या दिसापासनं सांजचं गानं बंद. म्हन की गं म्हनलं, तर म्हनती, दिली ती आता."

मास्तर तसेच आत गेले. सुगराबी बाजेवर पडली होती.

"चाची, असं काय करता? म्हणा की तुम्ही. तुमचीच आहे ती. मी नुसती लिहून घेतली हो."

मास्तरांनी बाजेशेजारी बसत घाईघाईनं ती चीज छापलेलं शेवटचं पान उघडून तिच्यापुढं धरलं. म्हातारीनं अक्षरांवरून बोट फिरवलं, पुस्तक मिटलं आणि हलकेच त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाहेर दिवेलागण होत आली होती. ती भिंतीला टेकून नीट बसली आणि पदर डोक्यावर सारखा केला.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमची चीज ऐकवा जरा."