डाग खाणारी भिंत

रंगारी दोन पावलं मागे सरला, डोळे बारीक करून भिंतीकडे बघत राहिला आणि शेवटी हसला.

"ताई, आजवर डाग जात नाहीत म्हणून शिव्या खाल्ल्या. डाग जातात म्हणून बोलावणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

आई हसली नाही. तिने लेकीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. भिंगरी साडेतीन वर्षांची, नावासारखीच, एरवी कडेवर टिकायची नाही. आज मात्र ती गप्प राहून भिंतीकडेच बघत होती. खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन भिंतभर पसरलं होतं आणि त्या उन्हात नखाएवढाही डाग दिसत नव्हता.

"इथे हत्ती होता, निळा," आई म्हणाली. "इथे बस होती. इथे हिने जॅमचे हात पुसले होते. मी एकदाही फडकं लावलेलं नाही."

"लावायचंच नाही! त्यासाठी तर हा रंग." रंगारी पाठ केलेलं म्हणावं तसं बोलू लागला. "टायटेनियम डायऑक्साइड आहे यात. नॅनो. डोळ्यांनी दिसणार नाहीत इतके बारीक कण. ऊन पडलं की कामाला लागतात. शाई, तेल, शेवाळ, चिकटेल ते खाऊन टाकतात. मोठमोठ्या इमारतींना बाहेरून मारतात हा. तुम्ही म्हणालात, मुलीची खोली आहे, चांगल्यातला चांगला लावा. मी आतून मारून दिला."

"आणि खायला काही उरलं नाही की?"

"मग काय, उपास!"

"नाही," भिंगरी म्हणाली. "तिला भूक लागते. मी जेवायला देते तिला."

"वा, छकुले. नशीब काढलं भिंतीने."

आईने खांद्यावरची काळी ओढणी काढली. तिचं टोक भिंतीवर टेकवलं, जोर न लावता वीतभर ओढलं आणि रंगाऱ्यापुढे धरलं. काळ्या कापडावर पीठ सांडावं तसा पांढरा पट्टा उमटला होता.

रंगाऱ्याने ती भुकटी बोटाने टिपली आणि चिमटीत चोळली. त्याचं हसू मावळलं.

"असं सुटायला नको होतं," तो म्हणाला. "कण भिंतीला धरून ठेवायला रंगात एक चिकट माल असतो. तो तर..."

"तो या भिंतीच्या लेखी डागच," आई म्हणाली. "तिला काय कळतंय, डाग कुठला आणि डिंक कुठला."

रंगाऱ्याने बोटं पँटला पुसली.

"हिचे बाबा म्हणतात, मी राईचा पर्वत करते. हेच टूथपेस्टमध्ये असतं म्हणे, गोळ्यांवर असतं, उन्हाच्या क्रीममध्ये असतं. असेल ना. पण ते आपण श्वासातून ओढत नाही." तिने ओढणी पट्टा आत ठेवून जपून घडी केली. "आणि राई निदान दिसते तरी."

भिंगरी खोकली. लहानसा, कोरडा खोकला. कागद चुरगळावा तसा.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हवा बदलतेय म्हणाले."

"तेच असेल. पोरांना असतोच," रंगारी म्हणाला. पण बोलता बोलता त्याने गळ्यातला रुमाल नाकावर ओढून घेतला होता.

"खरवडून काढा हा रंग," आई म्हणाली.

"कोरडा खरवडला तर सगळा हवेत जाईल. ओल्या फडक्याने टिपतो आणि वरून साधा रंग चढवतो. आजच करतो. खाली जाऊन सामान घेऊन येतो. तोवर दार लावून घ्या आणि पोरीला इथे आणू नका."

त्याची पावलं जिन्यावरून खाली गेली. खिडकी लावायला आईने भिंगरीला क्षणभर खाली ठेवलं. कडी बसवून ती वळली तर लेक जागेवर नव्हती.

"भिंगरी! चल बाहेर. आजपासून तू आमच्याजवळ झोपणार आहेस."

"थांब गं. यांना सांगून येते."

आवाज दाराआडून आला होता. आईने उघडं दार पुढे ओढलं.

दार कायम भिंतीला टेकलेलं असायचं, तिथे ऊन कधी पोचतच नव्हतं. त्या अरुंद पट्ट्यात, जमिनीपासून भिंगरीचा हात पोचेल तिथवर, चित्रंच चित्रं होती. आत्ताच काढल्यासारखी ताजी. चष्म्यातले बाबा. लांब ओढणीवाली आई. शेजारची मांजर, तिची पिल्लं. सगळे दाटीवाटीने एकमेकांना चिकटून उभे होते.

आई गुडघ्यांवर बसली.

"यांना इथे का काढलंस?"

भिंगरीने मागे वळून उन्हातल्या भिंतीकडे पाहिलं आणि आईच्या कानाशी तोंड नेलं.

"इथे ते तिला दिसत नाहीत."

आईने चित्रं पुन्हा एकदा पाहिली. बाबा, आई, मांजर, पिल्लं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"आणि तू गं? तू कुठेयस?"

"मी तिकडे होते," भिंगरी म्हणाली. "तिला खूप भूक लागली होती."

तिने बोट लांब करून जागा दाखवली. तिथे फक्त ऊन होतं. आणि दाखवणारं ते बोट पहिल्या पेरापर्यंत पांढरं झालं होतं.