गणोरकरांचा जोश

पिपलानीच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कामगारांसाठी प्रेरणादायी भाषण ठेवलं की अख्खा हॉल घोरायचा आणि बोलणी खायचा वेल्फेअर ऑफिसर अच्युत. आजही हॉल घोरला, तर अच्युतची बदली ठरलेलीच होती. नवे वक्ते गणोरकर तासभर 'आतली ऊर्जा जागवा' म्हणत होते आणि हॉल गाढ झोपला होता. एकाएकी ते गरजले, "उठा!"

तेवढ्यात भोंगा झाला. सगळे ताडकन उठून दाराकडे धावले.

"वाह! क्या जोश है! इन्हें हर महीने बुलाइए!" दिल्लीहून नुकतेच आलेले साहेब गहिवरले.

अच्युत घाम पुसत गणोरकरांच्या कानाशी लागला. "नशीब आपलं सर, नेमका जेवणाचा भोंगा झाला."

"नशीब कसलं?" पिशवीतून डबा काढत गणोरकर म्हणाले. "मी इथलाच रिटायर्ड फोरमन. भोंग्याच्या आधी अजून माझं पोट वाजतं."