डोंगरापलीकडची शाळा

आयर्लंडमधल्या लेटरकेनीत घराजवळच इंग्रजी माध्यमाची चांगली माध्यमिक शाळा होती, तरी बारा वर्षांची रेवा डोंगरापलीकडच्या गावातल्या आयरिश माध्यमाच्या शाळेसाठी हटून बसली. तिची आई उल्का हॉस्पिटलात डॉक्टर; कोविडच्या ड्यूट्यांनी आधीच थकलेली. “अगं, ती भाषा इथले लोकसुद्धा धड बोलत नाहीत. तुला काय करायचीय?” रेवाचं उत्तर एकच, “प्लीज, आई. जस्ट कम अँड सी.” शेवटी दोघी गेल्या. आयरिश किती येतं ते बघून प्रवेश मिळणार होता. पटांगणात मास्क लावून उभ्या असलेल्या मुख्याध्यापिका रेवाशी आयरिशमध्ये बोलू लागल्या. उल्काला एक अक्षर कळेना. प्राथमिक शाळेपासून आयरिश शिकलेली रेवा मात्र कुठेच अडखळत नव्हती. बोलता बोलता मुख्याध्यापिका उल्काकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, “एवढ्या लांब का यायचंय, असं मी विचारलं. ती म्हणते, ‘मी इंग्रजीत बोलले की लोक विचारतात, तू मूळची कुठली? आयरिशमध्ये बोलले की कुणी विचारत नाही, गप्पाच मारायला लागतात.’ आम्हाला ही मुलगी हवी आहे, डॉक्टर.” उल्काने लेकीला बाजूला घेतलं. “‘ही माझी मुलगी’ हे आयरिशमध्ये कसं म्हणायचं गं?” रेवाने हसत सांगितलं. उल्काने ते दोनदा घोकलं आणि मागे प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी बाईला खणखणीत आवाजात ऐकवलं.