ओवाळणीची पट्टी

"मेला उठतच नाही!" मी भावाला फोनवर म्हटलं. माऊस हलवून, भाजी फोडणीला टाकून आले, तरी कॉम्प्युटरचा पडदा काळाच.

"म्हातारं झालंय मशीन, ताई. नवीनच घे."

भाऊबीजेला ओवाळणी म्हणून त्यानेच जुनीच्या जोडीला रॅमची नवी पट्टी बसवली होती. मी तिलाही कुंकू लावलं होतं. मग कॉम्प्युटर चुटकीसरशी जागा व्हायला लागला. गेल्या रविवारी मी चहा टाकायला गेले, तेवढ्यात भावाने कॉम्प्युटर उघडून आतली धूळ झटकली. तेव्हापासून ही रड.

प्लग काढून मी झाकण उघडलं. नव्या पट्टीची खाच रिकामी होती. कडेला कुंकवाचा कण.

"कसला आवाज येतोय, ताई?"

"झाकण काढलंय."

तो म्हणाला, "अगं, परत आणून बसवणारच होतो."

मी अजून काही विचारलंही नव्हतं.