चौकोनी डोक्याचा बोल्ट

"जाम झालाय," कमळाकर मिस्त्री बॉनेटखालून म्हणाला. "असा सहजी नाय निघायचा."

भावेशने घड्याळ पाहिलं. दुपारी धसईत त्याच्या लेकीचं बारसं होतं. पाळणा सजला असेल, बायका जमल्या असतील, त्याची बायको कुणाली दाराकडे डोळे लावून बसली असेल. आणि बाळाचा बाप मुरबाडच्या पुढे, भर रस्त्यात, तोंड वासलेल्या गाडीसमोर उभा. शिवाय बाळाचे आजोबाही त्याच्याच गाडीत! आज सासरी काही धडगत नव्हती.

गाडी आचके देत देत नेमकी या गॅरेजच्या दारात बंद पडली, एवढंच काय ते नशीब. डिझेलचा फिल्टर तुंबलाय हे मिस्त्रीने आवाजावरूनच सांगितलं. नवा फिल्टरही त्याच्याकडे निघाला. अडलं होतं ते जुना फिल्टर धरून ठेवणाऱ्या एका बोल्टापाशी.

"तरी मी सांगत व्हतो, जावयबापू," मागच्या सीटवरून राघोमामा कण्हले. "एसटीने जाऊ म्हणून."

सांगत होते खरे. लग्नात ही अँबेसेडर भावेशला त्यांनीच दिली होती, नवाकोरा पांढरा रंग मारून. वाशिंदच्या चाळीत त्याची कॉलर तेव्हापासून ताठ होती ती होतीच. पण गाडी धसईला आणतो म्हटलं की सासरेबुवा हात जोडत. आमचे रस्ते वाईट, स्प्रिंगचे पाटे तुटतील, गाडी वाशिंदलाच बरी. आज भावेशने ऐकलं नाही. लेकीच्या बारशाला बाप एसटीला लोंबकळत जाणार? छट्! बोलावणं करायला आलेल्या मामांचे गुडघे धरले होते, तर त्याने आणि शेजाऱ्याने दोन्ही बाजूंनी उचलून त्यांना गाडीत बसवलं. तेव्हापासून ते डोक्यावर टॉवेल ओढून पडून होते.

कमळाकरने बॅटरीच्या उजेडात बोल्ट पुन्हा न्याहाळला. "डोकं चौकोनी हाय. कंपनीचा नाय हा. कुणीतरी भाताच्या गिरणीचा बोल्ट बसवलाय."

"जुगाड!" भावेश हसला.

कमळाकर हसला नाही. त्याने दरवाजाच्या कडेचं रबर अंगठ्याने वर केलं. खाली पिवळा रंग होता. "पयली टॅक्सी असंल."

"असेल बा. आपल्याला चालल्याशी मतलब. टाइम किती लागेल ते सांगा."

"गंज सोडवायचं तेल मागवतो मुरबाडवरनं." तो शेजारच्या दुकानात फोन करायला गेला आणि जरा वेळाने हात पुसत परत आला. "येतंय."

तोवर त्याने बोल्टावर रॉकेल सोडलं, हातोडीने टकटक केलं, पाना लावून खांदा वाकवला. पाना तसूभर सरकला नाही.

"ज्योत लावून बघा ना," भावेश म्हणाला.

"डिझेलच्या तोंडाशी? लेकीचं बारसं हाय का बापाचं तेरावं?"

"मग मी लावू का जोर?" भावेशने हात पुढे केला. कमळाकरने त्याचं मनगट धरलं. पकड चांगलीच घट्ट होती.

"नको. डोकं झिजलं तर दिवसभर बसाल. मैने, पावन्यांना पानी आन गो!"

गॅरेजमागच्या घरातून एक बाई तांब्या आणि पेले घेऊन आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या.

"भैन माजी," कमळाकर म्हणाला. "मालक हिचा डायवर. धाकलू. भाडं घेऊन गेलाय."

"आज येणार का?" भावेशने आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"येतील," मैना म्हणाली.

भावेशला पाणी देऊन तिने मामांपुढे पेला धरला. टॉवेल बाजूला न करताच मामांनी तो घेतला. मैना मात्र परत गेली नाही. पुढचं दार उघडून ती वाकली आणि स्टिअरिंगच्या खाली, आत खोल, काहीतरी चाचपू लागली. बांगडी वगैरे पडली असावी, असं भावेशला वाटलं. ती उठली तेव्हा तिची मूठ बंद होती. भावाकडे बघून तिने नुसती मान हलवली आणि उंबऱ्यात जाऊन बसली.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. "चला, तेल आलं!" भावेशने आनंदाने मागे पाहिलं.

जीप पोलिसांची होती. हवालदार आणि एक शिपाई उतरून गाडीपाशी आले.

कमळाकरने पाना खाली ठेवला. मग दोन बोटांच्या चिमटीत बोल्ट धरला आणि बाटलीचं बूच काढावं तसा फिरवत फिरवत बाहेर काढला.

भावेश बघतच राहिला. "अहो... हा तर..."

"पयल्याच हिसक्याला सुटला व्हता." कमळाकरने बोल्ट हवालदाराच्या तळहातावर ठेवला. "गिरनीतनं आनून मीच बसवलेला, साहेब. धाकलूच्या टॅक्सीला. चार वर्सं झाली त्याला भाडं घेऊन जाऊन."

उंबऱ्यातून मैनाने मूठ उघडून पुढे केली. काळपटलेल्या लाल फडक्याची पुरचुंडी होती. "दसऱ्याला मी बांधलेली," ती म्हणाली. "गाठ माजीच हाय."

भावेश गाडीपासून दोन पावलं मागे सरला. ज्या गाडीच्या जिवावर तो वर्षभर मिरवला, तिला हात लावायचीही त्याला आता भीती वाटली.

"गाडी तुमाला कुनी दिली?" हवालदाराने विचारलं.

"मला? मला तर लग्नात... ह्यांनीच, सासऱ्यांनी." तो घाईघाईने मागच्या खिडकीकडे वळला. "मामा, सांगा ना ह्यांना!"

सीटवर टॉवेल होता आणि उपडा पडलेला पेला. पलीकडचं दार सताड उघडं होतं, आणि कापणी झालेल्या शेतांतून, धोतर वर खोचून, एकामागून एक बांध उड्या मारून ओलांडत राघोमामा जिवाच्या आकांताने पळत होते.