यादीतलं नाव

"आपलं गाव टाकून शोधा," इतिहासाच्या बाई म्हणाल्या. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांची ती वेबसाइट होती. तेजलने गाव टाकलं.

तिसऱ्याच ओळीत पप्पा होते. शिपाई सर्जेराव बाबाजी कणसे, लढाईत ठार. महायुद्ध-बिहायुद्ध ती विसरूनच गेली. पप्पा सीमेवर होते आणि पाच दिवस त्यांचा फोन नव्हता. तिचा पांढराफटक चेहरा बघून बाई धावल्या.

"अगं, साल बघ! एकोणीसशे चव्वेचाळीस. हे तुझ्या पप्पांचे आजोबा असणार. आजोबांचं नाव नातवाला देतातच ना आपल्याकडे?"

वर्ग हसला. तीही हसली, पण यादी बंद केली नाही. रविवारी तिच्या तान्ह्या भावाचं बारसं होतं, आणि त्यालाही आजोबांचंच नाव, बाबाजी, ठरलं होतं. उरलेला तास ती पडद्यासमोरून हलली नाही.

संध्याकाळी फोन वाजला. पप्पाच होते!

"बारशाला येतोय गं. बाबाजीच ठेवायचं ना नाव?"

"नको!" ती किंचाळलीच. "पप्पा, त्या यादीत कुठंच नाही असं नाव ठेवू. मी सगळी वाचलीय."